खैरुन्निसाच्या डोक्यातला तंबोरा

पहिला आठवडा. आकडा ४४

खैरुन्निसा शिकलगार हिच्या मेंदूत तीन दाणे सापडले. तिन्ही मोहरीपेक्षा लहान, आणि तिन्ही एकाच जागी, उजव्या कानाच्या वर दोन बोटं आत.

"सहा वर्षांपूर्वी छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हाच संपलं होतं ना ते?" दस्तगीरनं विचारलं. हा तिचा धाकटा भाऊ. तिच्यापेक्षा तो सात वर्षांनी लहान, पण दवाखान्यात बोलायचं काम नेहमी त्याच्याकडे.

"संपलं नव्हतं. निघालं होतं," डॉ. पद्मजा चौगुले म्हणाल्या. "पोचायला सहा वर्षं लागली."

"छातीपासून डोक्यापर्यंत सहा वर्षं?" खैरुन्निसा म्हणाली. "पुण्याचा रस्तासुद्धा याच्या आधी पुरा झाला."

डॉक्टर हसल्या नाहीत. मिरजेत डॉक्टर पुष्कळ आणि प्रत्येकाला घाई. पण या बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. ते साधारण असं होतं.

गाठीतून सुटलेली पेशी रक्तात पडली की अंगभर फिरते. फुप्फुस, यकृत, हाडं ही घरं तशी सताड उघडी. मेंदूचं तसं नाही. त्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती चिरेबंदी असतात. बहुतेक पेशी त्या भिंतीपाशीच मरतात. एखादी आत शिरलीच तर मेंदूच्या राखणदार पेशी तिला गाठून मारतात. असं असूनही काही कॅन्सर मेंदूत जातात आणि तिथे मजेत राहतात. काही जन्मात जात नाहीत. हे का, याचं उत्तर बरीच वर्षं तुकड्यातुकड्यांनी मिळत होतं. ते तुकडे २०३४ साली जुळले.

मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींशी बोलतात त्या एका रसायनाच्या थेंबानं. एकीनं थेंब सोडायचा, दुसरीनं झेलायचा. बाहेरून आलेली कॅन्सरची पेशी त्या दोघींच्या मधे एक बारीक तंतू घुसवते आणि तो थेंब मधल्यामधे पिते. दोन घरांच्या मधला नळ गळत असावा आणि तिसऱ्यानं तिथे गुपचूप बादली लावावी, तसं. वर त्या थेंबांवर वाढून ती दिसायलाही शेजारणींसारखी होते. राखणदारांना वाटतं, ही इथलीच. ज्या कॅन्सरच्या पेशींना हा तंतू काढता येतो ते कॅन्सर मेंदूत रुजतात. बाकीचे भिंतीशी संपतात.

इथवरचा अंदाज लोकांना आधीही होता. पुढचं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ही पेशी वाटेल तिथे रुजत नाही. जिथे थेंब वर्षानुवर्षं, नेमानं, न चुकता पडत आलाय, तिथे ती जाऊन बसते. चार कामं थोडी थोडी करणाऱ्या माणसाच्या मेंदूत दाणे विखुरलेले असतात. पण ज्यानं आयुष्यभर एकच गोष्ट केली त्याचे दाणे एकाच गल्लीत. सर्कशीत झोक्यावर काम करणाऱ्या एका बाईचे दाणे तोल सांभाळणाऱ्या भागात निघाले. चाळीस वर्षं डोंगरातल्या वाड्यावस्त्या पायी हिंडलेल्या पोस्टमनचे दाणे वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागात.

"तुमचे सूर ओळखणाऱ्या भागात आहेत," डॉ. चौगुले म्हणाल्या. "तुम्ही काय करता?"

"आपा जवारी काढते," दस्तगीर म्हणाला.

डॉक्टर मिरजेच्या, त्यामुळे शब्द ऐकलेला होता. पण ऐकण्यापलीकडे माहिती नव्हती. मग खैरुन्निसानं त्यांच्याच कागदाच्या कोपऱ्यात चित्र काढलं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हाडाची सपाट घोडी असते. तार तिच्यावर टेकते. ती नुसती टेकली तर ठक्क वाजते आणि संपते. घोडीची पाठ अगदी केसाएवढ्या उतारानं घासली की तार तिला सुटता सुटता घासत राहते, आणि एका सुरातून दहा सूर निघून तंबोरा बोलायला लागतो. तो उतार म्हणजे जवारी. तो मोजता येत नाही, ऐकावा लागतो. कानशीचा एक घास जास्त पडला की घोडी फुकट.

"मशीन नाहीत का याला?"

"आहेत की. मशीनवाले तंबोरेपण आहेत. लोक घेतात, दोन वर्षांनी आमच्याकडे घेऊन येतात."

औषधाच्या डब्यावरचं, डॉक्टरांच्या अक्षरात

एकूण सहा डोस. दर पंधरा दिवसांनी एक.

कॅन्सरची पेशी उपाशी असली तरच औषध तिला ओळखतं. उपाशी पेशी तंतू आखडून घेते आणि उघडी पडते. थेंब पीत असेल तर औषध वाया.

म्हणून ती जागा शांत हवी. टोपी तिथे किती थेंब पडतात ते मोजते, ती झोपेतसुद्धा डोक्यावर हवी. टोपीवरचा आकडा बाराच्या खाली हवा. सहापैकी निदान चार डोसांना.

बोलणं चालेल, ते मुख्यतः डाव्या बाजूला ऐकू येतं. गाणं, वाजवणं, भोंगा, घंटा, कुकरची शिट्टी नको.

हे औषध आयुष्यात एकदाच. नंतर शरीर त्याला शत्रू समजतं.

तिसरा आठवडा. आकडा ४७

घरात बंदोबस्त असा झाला, की लग्नाच्या घरात होत नसेल. दस्तगीरची बायको रेहाना हिनं कुकर माळ्यावर टाकला आणि डाळ पातेल्यात शिजवायला लागली. फाटकाची बेल काढून तिथे दोरी बांधली. दोरी ओढली की आत कपडा हलायचा. अजानच्या वेळी पाचही वक्त खैरुन्निसा कानात मेणाचे बोळे घालायची. कारखाना घराला लागूनच होता. तिथे दस्तगीर भोपळे कोरायचा, दांड्या जोडायचा, पण तार एकाही तंबोऱ्याला लावत नव्हता. जवारीवाचूनचे सात तंबोरे खिडकीतून दिसतील असे ओळीनं टांगलेले होते. त्यांना हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं. अब्बांनी जाताना कानस खैरुन्निसाच्या हातात दिली होती, दस्तगीरच्या नाही. त्याला बावीस वर्षं झाली.

ती खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायची. हातात काही नाही, कानात बोळे, डोक्यावर टोपी. इतकी गप्प बाई त्या गल्लीनं पाहिली नव्हती.

आणि आकडा ४७.

"वाढलाय," डॉ. चौगुले फोनवर म्हणाल्या. "पहिला डोस गेला, दुसराही गेला. दस्तगीरभाई, खरं सांगा. घरात कुणी वाजवतंय?"

"कसम आहे डॉक्टर. आमच्या घरात आता शिंकसुद्धा उशीत मारतात."

"मग त्या चोरून ऐकतायत. मोबाइल तपासा."

दस्तगीरनं मोबाइल तपासला नाही, नुसता मागितला. तेवढं पुरलं.

"चोर ठरवलंस मला?" खैरुन्निसा म्हणाली. "घे. उशीखाली बघ, गादी फाड, तांदळाच्या डब्यात हात घाल. सतार लपवलीय मी तिथं."

"डॉक्टर म्हणाल्या म्हणून..."

"डॉक्टर उद्या म्हणतील, बहिणीला विहिरीत टाक."

त्या दिवशी ती जेवली नाही. आकडा ५० वर गेला.

चौथा आठवडा, मंगळवार

डॉ. चौगुले स्वतः आल्या. दोरी कशासाठी आहे हे न कळल्यामुळे पाच मिनिटं फाटकाशी उभ्या राहिल्या. मग आत येऊन खैरुन्निसाच्या शेजारी स्टूलवर बसल्या आणि टोपीचा आकडा आपल्या हातातल्या डिजिटल पाटीवर लावून ठेवला. पन्नास.

"बोळे काढा. आपण बोलू. दिवसभर काय करता?"

"काही नाही. बसते."

"बसून?"

"बसून काय करणार? दिवस ढकलायचा. काल अब्बांनी बनवलेला जुना तंबोरा घेतला होता. बेळगावच्या बाईंचा, पांढऱ्या खुंट्यांचा. त्याची चौथी तार मला कधीच पटली नव्हती. दुपारपर्यंत ती नीट केली. मग हे समोरचे. डावीकडनं तिसरा आहे ना, त्याचं हाड जरा मऊ दिसतंय, त्याला उलट्या अंगानं..."

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "कुठे घेतला होता?"

"म्हणजे?"

"बेळगावच्या बाईंचा तंबोरा. तो इथे आहे?"

"तो कशाला इथे असेल? तो बेळगावला. बाई वारल्यापण." खैरुन्निसा हसली. "डोक्यात हो, डॉक्टर. हाताला तर बंदी केलीय तुम्ही. डोक्यात कोण आवाज ऐकतंय!"

पाटीवर आकडा चौसष्ट झाला होता.

डॉक्टर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाटी खैरुन्निसाकडे फिरवली. "आता परत त्या तिसऱ्या तंबोऱ्याचं सांगा."

"त्याचं हाड मऊ आहे, तर पहिली तार लावली की ती अशी..."

अडुसष्ट. एकाहत्तर.

खैरुन्निसानं बोलणं थांबवलं, पण आकडा थांबला नाही. तार अजून वाजत होती.

मेंदूला बाहेरचा आवाज आणि आतला आवाज यात फार फरक करता येत नाही. आठवलेला सूरही त्याच गल्लीतून जातो, तेच थेंब पाडतो. सामान्य माणसाला एखादं गाणं आठवलं तर चार थेंब पडत असतील. पण शिकलगारांच्या घरात काम शिकवायची रीतच अशी होती, की कानस हातात घेण्याआधी घोडी समोर ठेवायची आणि तिच्यातून निघणारा आवाज आधी आत ऐकायचा, पुरा, चारही तारांसकट. तो स्पष्ट ऐकू येईपर्यंत हात लावायचा नाही. अब्बांनी तिला पहिलं वर्षभर नुसतं बसवून ठेवलं होतं. म्हणजे जगातली जी बाई आवाजाशिवाय ऐकण्यात सर्वांत तरबेज, तिला डॉक्टरांनी चार आठवडे आवाजाशिवाय बसवलं होतं. दुसरं काही काम न देता.

"म्हणजे मीच पाजत होते त्यांना," खैरुन्निसा म्हणाली. "दोन्ही डोस मीच घालवले."

"मी विचारायला हवं होतं," डॉ. चौगुले म्हणाल्या. "माझ्या यादीत भोंगा होता, कुकर होता. हे नव्हतं."

"तुमच्या यादीत कसं असणार! हे आमच्याच घरचं येडेपण."

सहापैकी चार डोस उरले होते. चारही लागू पडायला हवे होते. तिसरा डोस फार तर आठवडाभर पुढे ढकलता येणार होता, त्याहून जास्त नाही.

त्या आठवडाभरात केलेले उपाय

पाढे. एकोणतीसचा पाढा उलटा. आकडा ३१. पाढ्याला चाल असते हे शाळेत कुणाच्या लक्षात येत नाही. चाल काढून टाकून म्हटला, २६. मग पाढा संपला.

वाटाणे सोलणे. आकडा २४. रेहानानं दोन दिवसांत नऊ किलो आणले. तिसऱ्या दिवशी खैरुन्निसाच्या लक्षात आलं की भरलेली शेंग आणि पोकळ शेंग वेगवेगळी फुटते. ३८.

टीव्ही, आवाज बंद करून. सतारवाला नव्हता, स्वयंपाकाचा कार्यक्रम होता. तव्यावर मोहरी तडतडताना दिसली. ४०.

जत. तिकडे खालाचं, म्हणजे मावशीचं, घर होतं. माळरान, वाद्य नाही, खिडकीत तंबोरे नाहीत. दस्तगीर तिला सोडून आला. रात्री खालानं फोन केला, "अरे, टोपी लाल झालीय तिची, त्रेपन्न दाखवतेय. आणि हसतेय एकटीच."

सातही तंबोरे ती डोक्यात घालून जतला घेऊन गेली होती.

झोपेचं औषध. आकडा १९. स्वप्नात कमी वाजतं, पण वाजतं.

झाकण

शेवटचा उपाय डॉ. चौगुलेंनी कागदावर दिला. सही करायची होती. खैरुन्निसानं सही करण्याआधी प्रश्न विचारले आणि रेहानानं ते प्रश्न-उत्तरं मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतली. नंतर घरात भांडण झालं तर कोण काय म्हणालं ते असावं, म्हणून.

झाकण म्हणजे काय?

सुईनं रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडायचे. त्यांच्यात भुलीचं औषध. बाहेरून त्या एवढ्याशा जागेवर ध्वनीलहरींचा झोत मारायचा. बुडबुडे तिथेच फुटतात, तेवढाच भाग झोपतो. दर पाच दिवसांनी एकदा, आठ आठवडे.

मला ऐकू येणार नाही?

ऐकू येईल. बोलणं कळेल. सूर कळणार नाही.

आठ आठवड्यांनी?

भाग जागा होतो. पण काम परत येईलच असं नाही. आतापर्यंत एकतीस जणांवर झाकण घातलंय. वेगवेगळ्या भागांवर. एकोणीस जणांचं परत आलं. बारा जणांचं नाही.

झाकण न घालता?

एक वर्ष. दीडही. दाणे वाढले की आकडा कितीही असला तरी फरक पडत नाही.

ज्याचं जातं त्याला गेलेलं कळतं का?

पोस्टमनला कळलं. दवाखान्यातून घरी जायची वाट त्याला सापडली नाही.

आणि मला?

(इथे रेहानानं उत्तरासाठी जागा सोडली आहे. जागा कोरी आहे.)

त्याच संध्याकाळी, कारखान्यात

"घाल झाकण," दस्तगीर म्हणाला. तो भोपळ्याला आतून सरस लावत होता. "कान गेला तर गेला. माणूस राहतो."

"तुझं काय जातंय बोलायला! तुझा कान तर जन्मापासून गेलेला."

"हो ना. जिवंत आहे की मी. सत्तेचाळीस वर्षं."

खैरुन्निसाला हसू आलं आणि रागही आला. ती टांगलेल्या ओळीकडे पाठ करून बसली होती. आता ती तशीच बसायची.

"तुला बरंच आहे," ती म्हणाली. "कानस मिळेल. बावीस वर्षं वाट बघतोयस."

दस्तगीरनं ब्रश खाली ठेवला.

"आपा, कानस त्या खणात असते. खणाला कुलूप नाही. मला घ्यायची असती तर कुठल्याही दुपारी घेतली असती, तू झोपतेसच तासभर."

"मग का नाही घेतलीस?"

"तू होतीस की."

त्यानं सरसाचं भांडं झाकलं. मग तो म्हणाला, "मी एवढंच सांगतो. अब्बांनी तुला वर्षभर बसवून ठेवलं होतं तेव्हा मी त्या दाराशी भोपळे घासायचो. तू काय ऐकतेस ते मला दिसायचं नाही. मला वाटायचं, हिला शिक्षा झालीय. मला तुझी कीव यायची. नंतर कळलं की शिक्षा मला झाली होती."

"अब्बांनी शिक्षा नाही दिली तुला. त्यांना वाटलं..."

"काय वाटलं ते सोड. तू मेलीस तर मी कुणाशी भांडू? रेहानाशी? ती लिहून ठेवते."

आत रेहाना म्हणाली, "ऐकू येतंय मला."

खैरुन्निसानं सही केली. सही करताना आकडा पन्नास होता, म्हणजे त्या वेळीही आत काहीतरी चालूच होतं. काय, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

सहावा ते तेरावा आठवडा. आकडा ६, ५, ६, ७, ५, ५, ६, ५

पहिल्या दिवशी दवाखान्यातून परतताना रिक्षावाल्यानं गाणं लावलं. दस्तगीर त्याच्यावर ओरडणार तेवढ्यात खैरुन्निसा म्हणाली, "राहू दे." रिक्षात एक बाई शब्द ताणून ताणून बोलत होती आणि मागे कुणीतरी डबे हलवत होतं. गाणं ते हेच का, असं तिनं विचारलं. दस्तगीरनं हो म्हटलं.

कुकर माळ्यावरून खाली आला. फाटकाला बेल परत बसली. मेणाचे बोळे तिनं फेकून दिले. संध्याकाळी अजान झाली तेव्हा ती अंगणात कपडे काढत होती. लांबून कुणीतरी मोठ्यानं काही वाचतंय, इतकंच तिला वाटलं. अर्थ कळला. नमाज चुकली नाही.

वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं फारसं वाटलं नाही, आणि याचं तिला नवल वाटायचं. दात भुलीनं बधिर झाला की जीभ पुन्हा पुन्हा तिथे जाते, तसं तिचं मन दिवसातून चारदा खिडकीशी जाऊन यायचं. सात तंबोरे. लाकूड, भोपळा, हाड. चांगलं काम केलंय दस्तगीरनं, सांधा दिसत नाही. बस्स. मग ती भाजी निवडायला जायची. गल्लीतल्या बाया तिच्याकडे बसायला यायला लागल्या. इतकी वर्षं ती बोलता बोलता मधेच कुठेतरी निघून जायची, आता जात नव्हती. रेहाना एकदा म्हणाली, "आपा, तू आता पूर्ण ऐकतेस माझं." ती तक्रार नव्हती, पण खैरुन्निसाला तशी लागली.

तिसरा डोस लागला. चौथा लागला. पाचव्या डोसानंतरच्या तपासणीत दोन दाणे नाहीसे झालेले होते आणि तिसऱ्याचा तंतू आखडलेला होता.

दहाव्या आठवड्यात दस्तगीरनं खण उघडला. विचारलं नाही, सांगितलंही नाही. खैरुन्निसा अंगणात होती. तिनं पाहिलं आणि भांडी घासत राहिली. टोपीवर पाच.

सतरावा आठवडा. टोपी नाही

तिन्ही दाणे गेले. झाकण काढून महिना झाला. डॉ. चौगुलेंनी सगळ्या चाचण्या केल्या. हा सूर वरचा की खालचा? वरचा. हे दोन सारखे की वेगळे? वेगळे. या चालीत चूक कुठे? इथे. पंचवीसपैकी चोवीस.

"भाग जागा झालाय," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना फार आनंद झाला होता. "चोवीस मलाही पडत नाहीत."

"आणि जवारी?"

"त्याची चाचणी माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. ती तुमच्याकडेच होती."

घरी आल्यावर दस्तगीरनं डावीकडून तिसरा तंबोरा खाली उतरवला. सातपैकी हा एकच त्यानं पुरा केला होता. चारही तारा लावलेल्या, घोडी घासलेली. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला, तंबोरा आडवा धरला आणि एकेक तार सावकाश छेडली.

खैरुन्निसानं ऐकलं.

आवाज बरा होता. निदान वाईट नव्हता. की बरा नव्हता? तार वाजत होती, थोडी घुमत होती, संपत होती. पूर्वी असा तंबोरा समोर आला की ती पहिल्या तारेलाच मान हलवायची, हो किंवा नाही. आता मान जागच्या जागी होती. तिला दोन शक्यता दिसत होत्या. दस्तगीरची जवारी साधीच होती आणि तिच्या कानाला ती साधीच वाटत होती, म्हणजे कान परत आला होता. किंवा त्याची जवारी अप्रतिम होती आणि तिला त्यातलं काहीच पोचत नव्हतं. या दोहोंतलं खरं कोणतं, हे सांगू शकेल असा मिरजेत एकच कान होता, आणि प्रश्न त्याचाच होता. गिऱ्हाइकांना विचारून उपयोग नव्हता. शिकलगारांचा तंबोरा म्हणजे बरोबरच असणार, असं धरून ती येत.

दस्तगीर तिच्या तोंडाकडे बघत होता. बावीस वर्षं प्रत्येक भोपळा, प्रत्येक दांडी तिला दाखवून तो असाच बघत आला होता.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

चांगली म्हणणं सोपं होतं. वाईट म्हणणं त्याहून सोपं होतं, आणि त्यावर त्यानं लगेच विश्वास ठेवला असता.

"मला नाही माहीत," खैरुन्निसा म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही माहीत. तुला कशी वाटते?"

"मला काय वाटायचंय? तू सांग की."

"मी सांगू शकत नाही, दस्तगीर. उद्या सांगू शकेन की नाही तेही माहीत नाही. तू छेड आणि तूच ऐक."

त्याला ते आवडलं नाही. त्यानं तारा छेडल्या त्या उगीच, जोरात. मग जरा हळू. मग डोळे मिटून, पुन्हा पहिल्यापासून. रेहाना दारात येऊन उभी राहिली होती.

"तिसरी," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "तिसरी लवकर विझते. बाकीच्या तिच्यासाठी थांबतात असं वाटतं." मग घाईघाईनं, "मला आपलं वाटतं. नसेलही."

खैरुन्निसानं तिसरी तार स्वतःच्या बोटानं छेडून पाहिली. लवकर विझते? तिला तसं वाटलं नाही. तसं नाही असंही वाटलं नाही.

"मग काढ तिला," ती म्हणाली.

त्यानं तार उतरवली, मांडीवर फडकं पसरलं आणि कानस घेतली. घोडी समोर धरून तो बसून राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. रेहाना आत निघून गेली. खैरुन्निसाला त्याच्या कपाळावरची शीर दिसत होती. तो काय ऐकत होता, काही ऐकत होता की नाही, हे तिला बाहेरून दिसत नव्हतं.

मग त्यानं एक घास मारला. थोडं थांबून दुसरा. तिसऱ्यासाठी कानस हाडावर टेकली आणि तिथेच राहिली.

त्यानं ती उचलून बाजूला ठेवली. थांब असं कुणी म्हटलं नव्हतं.